सोंडेला चार ठिपके

चहाचा कप बशीवर ठेवायला गेले आणि तो वाजला. एकदाच नाही, नीट ठेवला जाईपर्यंत वाजत राहिला, टकटकटक. समोर नवरा पेपर वाचत बसलेला, त्याने मान वर करूनही बघितलं नाही. मी मात्र जागच्या जागी गार झाले, कारण हा आवाज माझ्या ओळखीचा होता. कळव्याला माहेरी माझ्या बाबांचा कप असाच वाजायचा.

बाबा ठाण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. फळ्यावर खडूने असा काही मोर काढायचे की पुढच्या तासाच्या मास्तरांना फळा पुसवायचा नाही. मानेपासून पिसाऱ्याच्या टोकापर्यंत हात एकदाच फिरायचा, की मोर हजर. ऐंशी सालच्या पुढेमागे, पन्नाशी उलटल्यावर, त्यांचा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, काही घराण्यांत असतं असं, जिवाला धोका नाही. जिवाला नव्हता, पण मोराला होता. एके दिवशी फळ्यावर रेघ नागमोडी गेली, मागच्या बाकांवरून खसखस पिकली, आणि बाबांनी खडू खाली ठेवला तो ठेवलाच. पुढची सगळी वर्षं ते पोरांना पुस्तकात बघून चित्र काढायला सांगायचे आणि स्वतः खिडकीशी उभे राहायचे.

घरी त्यांची बसायची एक पद्धत पडून गेली. दोन्ही हात काखेत. पाहुणे आले तरी तसेच, टीव्हीसमोर तसेच, लग्नाच्या पंगतीत वाढप येईपर्यंत तसेच. आई त्यांना कपाऐवजी स्टीलच्या पेल्यात चहा द्यायला लागली, तोही अर्धाच, म्हणजे सांडायला नको. दसऱ्याला पाटीपूजनाची सरस्वती आमच्याकडे बाबा काढायचे. एकाचे आकडे एकमेकांना जोडत काढतात ती सरस्वती, शाळेतलं कुठलंही पोर काढतं, पण बाबांची रेघ पट्टी लावून मारल्यासारखी यायची. ते कामही त्यांनी माझ्या भावाच्या मुलीला देऊन टाकलं. आम्ही कोणी त्यावर एक अक्षर बोललो नाही. बोलणार काय, कप्पाळ?

आणि आता माझा कप वाजत होता.

मी तेव्हा पस्तिशीची. डोंबिवलीत संसार, आणि घरबसल्या लग्नपत्रिकांसाठी चित्रं काढायचं काम. गणपती, कलश, सनई-चौघडा, केळीचे खांब, डोलीतली नवरी. वर्तकनगरमधला एक प्रेसवाला माझ्याकडून करून घ्यायचा. झीरो नंबरचा ब्रश, काळी शाई आणि एका दमात ओढलेली रेषा, बस. त्यातला माझा एक गणपती लोकांना फार आवडायचा. कानापासून निघालेली रेषा कपाळावरून सोंडेत उतरायची, पोटाला वळसा घालायची आणि पायाशी येऊन थांबायची. जवळजवळ एका रेषेतच अख्खा देव. मला त्याचं भारी कौतुक होतं, खोटं कशाला बोलू? मला स्वयंपाक बेताचा येतो, शिवण येत नाही, गोड बोलणं तर देवाने दिलेलंच नाही. रेषा तेवढी येत होती. ती गेली तर माझ्याजवळ राहणार काय, या विचाराने माझी झोप उडाली.

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला दोन्ही हात पुढे करायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडला. मग म्हणाले, आतून बाहेर गोल गोल रेघ काढा, चकलीसारखी. काढली. माझ्या चकलीला खरोखरचे काटे आले होते. डॉक्टर बिचारे समजावून सांगत होते, घाबरण्यासारखं नाही, गोळीने थोडा फरक पडेल, पण हे जाणार नाही. मी विचारलं, "ब्रश धरता येईल का?" ते म्हणाले, "धरता येईल हो." बास, पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

प्रेसवाल्या काकांना फोन करून सांगितलं, सध्या घरी अडचण आहे, काम नको. मग दिवसभर आदळआपट. भांडी जरा जोरात घासली जायची, दारं जरा जोरात लागायची. एका संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लागलेल्या, आणि नवरा म्हणाला, "अगं, थंडी वाजतेय का तुला?"

"मे महिन्यात?" मी खेकसले.

"मग हात असे काखेत घालून का बसलीयस?"

खाली बघितलं तर खरंच. दोन्ही हात काखेत. उठले, बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं.

कॉम्प्युटरच्या क्लासचं खूळ नवऱ्याचं. त्याच्या ऑफिसातल्या कोणाची तरी भाची शिकत होती. म्हणाला, त्यात म्हणे चित्रंही काढता येतात, रेषा मशीनच ओढतं. मी म्हटलं, ज्यांच्या हातात कला नाही त्यांच्यासाठी असतात असले चोचले. तो म्हणाला, जाऊन तर बघ. मी म्हटलं, तूच जा. दोन दिवस आमची बोलचाल बंद होती. तिसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन फी भरून आले, कारण घरात बसून मला वेड लागायची वेळ आलेली.

क्लास म्हणजे डोंबिवली पूर्वेला एका साडीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आत धूळ जायला नको म्हणून चपला जिन्यातच काढायच्या. आत एसी. तो माणसांसाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता, आपण फुकटात गार व्हायचं. शिकवणारी पोरगी जेमतेम बावीस-तेवीसची. पहिलंच वाक्य काय, तर "या काकू, बसा." काकू! मागे वळून बघितलं, कोणी काकू आलीय का म्हणून. बाकीची पोरं कॉलेजातली, माऊस असा भराभर फिरवायची की बघवत नसे.

पहिल्या दिवशी तिने मला चित्र काढायचं टूल दाखवलं. माऊसचं बटण दाबून धरायचं आणि हात फिरवायचा, जसा हात जाईल तशी रेघ उमटते. मी सोंड काढायला घेतली. आणि काय सांगू, माझी थरथर त्या पडद्यावर जशीच्या तशी उतरली. कागदावर शाई जरा पसरून सांभाळून तरी घेते. इथे मोठं करून बघितलं तर प्रत्येक कंप वेगळा दिसत होता, करवतीच्या दात्यांसारखा. शेजारच्या पोराने वाकून बघितलं आणि पटकन नजर वळवली. त्याचं ते नजर वळवणं मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

"काकू, हे टूल तुमच्यासाठी नको," पोरगी म्हणाली. "दुसरं देते. यात हात फिरवायचाच नाही. नुसते ठिपके द्यायचे, मधली रेषा कॉम्प्युटर ओढतो. ठिपक्याला नोड म्हणतात."

ठिपके म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला. ठिपके द्यायला मला कोणी शिकवायला नको होतं. कळव्याच्या चाळीत दारापुढे ठिपक्यांची रांगोळी काढतच वाढले मी. सारख्या अंतरावर, ओळीत, एकही न गाळता ठिपके टाकायचे आणि मग जोडायचे. ठिपका गळला की रांगोळी बिघडली. तसंच केलं. सोंडेच्या कडेकडेने जवळजवळ, सारख्या अंतरावर नोड टाकत गेले, चांगले तीसेक तरी असतील. मनात म्हटलं, आता बघच.

सोंडेचं कारलं झालं. प्रत्येक ठिपक्यापाशी एक टेंगूळ. कारण माझा हात प्रत्येक ठिपका टाकताना इकडे किंवा तिकडे केसभर सरकत होता, आणि ते यंत्र इमानदारीत त्या प्रत्येक चुकलेल्या ठिपक्यातून रेषा नेत होतं.

"काकू, एवढे नोड?"

"मग? मधले गाळून कसे चालतील?"

"कमी करा ना. नको ते डिलीट करा."

"अगं पण नको ते कुठले?"

ते काही तिला सांगता येईना. बटणं तिला सगळी पाठ, पण गणपती तिने जन्मात काढलेला नव्हता. मी आपली एक नोड उडवायचे, टेंगूळ दुसरीकडे जायचं. तिथला उडवला की सोंड मोडल्यासारखी दिसायची. आठवडाभर हेच. त्यात शुक्रवार आला. शुक्रवारी आमच्याकडे लाइट जाणार हे ठरलेलं, पण त्या दिवशी वेळेच्या आधीच गेली आणि न साठवलेलं सगळं काम पडद्याबरोबर गडप. काळ्या काचेत माझंच तोंड दिसत होतं. मी चपला घातल्या आणि जिना उतरताना ठरवलं, बास झालं, देवाला हात जोडायचे आणि हा नाद सोडायचा.

तसं झालंही असतं, पण गणपतीविसर्जनानंतर प्रेसवाल्या काकांचा फोन आला.

"मॅडम, तुमची अडचण संपली का? एक बाई हटूनच बसल्यात इथे. तुम्हीच बोला."

फोनवर एक खणखणीत आवाज आला. चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या होत्या. मोठ्या मुलीचं लग्न झालेलं, आता तुळशीच्या लग्नानंतर धाकटीचं होतं. "मोठीचे पत्रिकंवर व्हता ना, तोच गनपती पायजे आमाला, बाय. मोठीला तो लाभला. धाकटीला दुसरा नको."

तो माझा गणपती. काकांनी मग सगळं सांगितलं. मूळ चित्र पावसाळ्यात प्रेसमध्ये पाणी शिरलं तेव्हा भिजून गेलं होतं. जुन्या पत्रिकेवरचा गणपती अंगठ्याएवढा, आणि बाईंना तो या वेळी पत्रिकेवर तर हवाच, शिवाय हळदीच्या मांडवावर दारात लावायला चांगला हातभर मोठा हवा. फोटो काढून मोठा केला तर रेषा फाटत होत्या. "परत काढावा लागेल. पितृपक्ष लागतोय, आता पंधरा दिवस कोणी पत्रिकेला हात लावत नाही. घटस्थापनेला दिलात तरी चालेल. नसेल जमत तर आत्ताच सांगा, दुसऱ्या आर्टिस्टकडून करून घेतो. मग तुम्हाला परत परत त्रास देणार नाही."

दुसऱ्या आर्टिस्टकडून! माझा गणपती! "देते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवताना रिसीव्हरही वाजला. नवरा बघत होता. मी म्हटलं, "बघतोस काय? मी काय वेडी आहे का हो म्हणायला?" त्यावर त्या शहाण्या माणसाने पेपर उघडला.

घरी ब्रश घेऊन बसले. उगाच एक आशा. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं, कोपर टेबलाला टेकवलं, श्वास रोखला. पन्नास कागद वाया गेले असतील. एकही सोंड धड नाही. शेवटी ब्रश धुतला, फडक्याने पुसला आणि कळव्याला गेले. क्लासमध्ये छापून घेतलेली ती कारल्याची सोंड पिशवीत होती. कशाला घेतली होती कोण जाणे.

बाबा खिडकीत बसलेले, हात काखेत. आई भाजी आणायला गेलेली. मी समोर बसले आणि म्हटलं, "बाबा, माझाही हात हलतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "कधीपासून?"

"झालं वर्ष होत आलं."

"माझ्याकडून आलं तुझ्याकडे."

त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. आणि मला बघवलं नाही की मी चिडते, स्वभावच तसा. "तुमच्याकडून रेषापण आलीये, ती नाही धरत तुम्ही हिशेबात? आता रडत बसू नका. मला गणपती काढायचाय आणि येत नाहीये." आणि पिशवीतून तो कागद काढून त्यांच्या मांडीवर टाकला. सगळं सांगितलं. कोळणबाई, पितृपक्ष, ठिपके, सगळं एका दमात.

बाबांनी कागदावर मान वाकवली. "थांब. ठिपके तू द्यायचेस आणि रेषा ते ओढणार?"

"हो."

"मग एवढे ठिपके कशाला? ही काय रांगोळी आहे?"

"मग किती द्यायचे?"

"सोंडेला चार पुरेत." ते म्हणाले. "पेन्सिल घे. जिथे सोंड निघते तिथे एक. आता खाली ये, खाली ये, मध्ये कुठे थांबू नकोस. जिथे ती दिशा बदलते ना, तिथे दुसरा. आता परत वर वळेल तिथे तिसरा. टोकाला चौथा. झालं. मधल्या जागेत तुझं काही काम नाही."

हात काखेतून न काढता, नुसतं हनुवटीने दाखवत होते. मी थरथरत्या हाताने चार ठिपके दिले. ठिपकाच तो, थरथरला तरी ठिपकाच राहतो.

"हे तुम्हाला कसं माहीत?"

बाबा पहिल्यांदाच हसले. "मोर आठवतो? मधल्या सुट्टीत फळ्यावर जाऊन बारीक ठिपके देऊन ठेवायचो. मानेला दोन, पाठीला एक, पिसाऱ्याला तीन. बाकांवरून दिसायचे नाहीत. मग तासाला एका दमात मोर."

लहानपणापासून ज्या मोराला आम्ही सगळे हात जोडत आलो, तो मोर हा असा! "बाबा, चोर आहात तुम्ही!" मी म्हटलं. "अख्ख्या शाळेला फसवलंत!"

"फसवलं काय त्यात? वळण आधी बघून ठेवायला नको?" ते म्हणाले, आणि दोघंही इतके हसलो की आई जिन्यातूनच ओरडली, काय झालं म्हणून.

दुसऱ्या दिवशी क्लासला गेले ती थेट मशीनवर. नोड, चार. माऊसचा बाण पडद्यावर थयथया नाचत होता, नाचू दे म्हटलं. ठिपका चुकीच्या जागी पडला तर उचलून हलवता येत होता, आणि अगदी थोडा हलवायचा असेल तर कीबोर्डवरच्या बाणांच्या कळा होत्या. एकदा दाबलं की तो केसभर सरकायचा, तेवढाच, माझ्या हाताचं न ऐकता. प्रत्येक नोडला दोन्ही बाजूंनी दोन मिशा फुटायच्या. क्लासमधली पोरं त्यांना मिशाच म्हणायची. मिशी लांब ओढली की वळण मोठं व्हायचं, आखूड केली की घट्ट. मी चौथ्या नोडची मिशी हळूहळू आत घेतली आणि सोंडेचं टोक मोदकाकडे वळलं. माझ्याच वळणाने वळलं. जिथे मी ब्रश जरा दाबायचे तिथेच.

रेषा मोठी करून बघितली. आणखी मोठी केली. अख्ख्या पडद्यावर नुसती सोंडेची एक कड दिसत होती, आणि तिच्यात कुठेही, कुठ्ठेही थरथर नव्हती.

मी रडायलाच लागले. सगळ्या पोरांसमोर, त्या एसीत. पोरगी धावत आली. "काकू, काय झालं? फाइल उडाली का?"

"नाही गं," मी म्हटलं. "राहिली."

तिला काही कळलं नाही. तिने आधी माझी फाइल साठवली आणि मग मला पाणी आणून दिलं. छातीवरचा दगड उतरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. खरंच श्वास खोल जात होता, खांदे खाली आले होते. घरी जाताना फडके रोडवर उभ्याउभ्या दोन वडापाव खाल्ले. कित्येक महिन्यांनी भूक लागलेली.

पूर्ण गणपती व्हायला पितृपक्ष पुरला. कान, पोट, पाय, प्रत्येक जागी आधी वळण शोधायचं आणि मगच नोड टाकायचा. मधल्या जागेत माझं काही काम नाही, हे स्वतःला बजावत राहायचे. सवयीने हात मध्ये जायचाच. घटस्थापनेला गणपती घेऊन प्रेसमध्ये गेले, एक छोटा पत्रिकेसाठी आणि एक हातभर मोठा. चेंदणीच्या बाई आल्या होत्या. डोक्यात अबोलीचा गजरा, हातात मोठीची पत्रिका. त्यांनी पत्रिका मोठ्या गणपतीशेजारी ठेवली आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या. मग बोट सोंडेवरून सावकाश खालपर्यंत फिरवलं.

"तोच हाय," त्या म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "तुजाच हात, बाय."

काका पुढच्या कामांचं बोलायला लागले. मी नुसती मान हलवत होते. माझं लक्षच नव्हतं.

दसऱ्याला क्लासमध्ये कॉम्प्युटरची पूजा होती. प्रत्येक पडद्यावर झेंडूची माळ, कीबोर्डवर आपट्याची पानं. मी बाबांना घेऊन गेले. येईनात, मग चिडले, मग आले. जिन्यात चपला काढताना म्हणाले, "देऊळ आहे की काय?" आत येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले, हात काखेत.

पूजेला सगळं होतं, पाटीच नव्हती. सगळ्यांना वाटलेलं दुसरा आणेल. दसरा आणि सरस्वती नाही, म्हणजे काय? पोरगी म्हणाली, "काकू, पडद्यावरच काढा ना."

मी खुर्चीवर बसले, माऊसवर हात ठेवला, आणि उठले. "बाबा, तुम्ही या."

"छे. मला नाही जमणार. हात..."

"ठिपके तर द्यायचेत," मी म्हटलं. "रेषा ते ओढतं. मधल्या जागेत तुमचं काही काम नाही."

माझेच शब्द मलाच ऐकवतेस काय, असं बघितलं त्यांनी. पण उठले. खुर्चीवर बसले, आणि काखेतून उजवा हात काढून माऊसवर ठेवला. बाण पडद्यावर माशीसारखा भिरभिरायला लागला. मागे क्लासची सगळी पोरं उभी होती. बाबांनी एकदा मान वळवून मागे बघितलं. मला ते बाक आठवले.

शेजारचा तोच पोरगा, ज्याने माझी रेघ बघून नजर वळवली होती, तो म्हणाला, "सर, साधारण जवळ नेऊन सोडा. नंतर सरकवता येतं."

सर. किती वर्षांनी कोणी म्हटलं असेल! बाबांनी ठिपका सोडला. मग दुसरा. दोघांच्या मध्ये रेघ ताणली गेली, सरळसोट. बाबा खुर्चीत पुढे सरकले. तिसरा ठिपका दूर पडला, तो त्यांनी विचारून विचारून उचलून आणला. कळ दाबत दाबत जागेवर बसवला. एकाचा एक आकडा, त्याला जोडून दुसरा. पोरगी प्रसादाचं ताट धरून उभी होती, तिला ते खाली ठेवायचंही सुचलं नाही. सरस्वती पुरी झाली तेव्हा तिची प्रत्येक रेघ पट्टी लावून मारल्यासारखी होती.

बाबांनी हळदकुंकवाची वाटी उचलली आणि सरळ काचेकडे हात नेला. पोरगी किंचाळली, "आजोबा, स्क्रीनला नको! प्रिंट काढते!" मग प्रिंट काढली, पाटावर ठेवली, आणि बाबांनी स्वतः हळदकुंकू वाहिलं. कुंकू जरा इकडेतिकडे सांडलं. सांडू दे.

तिथून घरी आलो. नवरा सकाळचा पेपर राहिलेला तो वाचत बसलेला. मी चहा टाकला आणि सवयीने बाबांसाठी स्टीलचा पेला काढला. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. दोन्ही हात खाली, मोकळे, आपले आपण थरथरत.

"पेला नको," ते म्हणाले. "कपात दे. भरून."

भरून दिला. आम्ही दोघं नवऱ्यासमोर जाऊन बसलो, हातात कपबशा. एक कप वाजला, मग दुसरा, मग दोन्ही एकदम. चहा बशीत सांडला, तो बाबांनी बशीनेच पिऊन टाकला. या वेळी मात्र नवऱ्याने पेपर खाली केला.

"काय वाजतंय?" त्याने विचारलं.

"आम्ही," बाबा म्हणाले.